"मग गेले कशाला?"



१७ जुलै २०२४ रोजी हैती या कॅरिबियन देशाच्या उत्तर किनाऱ्याजवळ एका बोटीला आग लागली. बोटीत ८० हून अधिक माणसे होती. किमान ४० जण मरण पावले. गरिबी आणि टोळ्यांचा हिंसाचार यांना कंटाळून ते शेजारच्या बेटांकडे निघाले होते. अशा बोटी लहान, खचाखच भरलेल्या असतात. त्यात १९८१ पासून अमेरिकेचे तटरक्षक दल हैतीच्या बोटी भर समुद्रात अडवत आले आहे.

अशी बातमी वाचून आपण सहज म्हणतो, "धोका माहीत होता, मग गेले कशाला?"

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने या प्रश्नाचा विचार केला आहे. वादळात खलाशी जहाजावरचा माल समुद्रात फेकतात, ते स्वेच्छेने काय? शांत समुद्रात कोणी शहाणा माणूस आपला माल फेकणार नाही; वादळात जीव वाचवण्यासाठी मात्र फेकील. निर्णय त्याचाच, पण भाग पाडले वादळाने. संत थॉमस अक्वायनस यांनीही हाच दाखला घेतला आहे.

आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. १९४७ च्या फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबे घरदार मागे टाकून कराचीहून आगबोटीने मुंबईला उतरली. त्यांतल्या अनेकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. आजही आपण पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर ४' म्हणतो. 'गेले कशाला' असे त्यांना विचारण्याचे धाडस आपण करू काय?

संत पौलाच्या जहाजावरूनही वादळात माल फेकला गेला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ व २८). जहाज फुटले. २७६ जण कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून माल्टा बेटाला लागले. पाऊस आणि थंडी पाहून बेटावरच्या लोकांनी त्यांच्यासाठी शेकोटी पेटवली. दुसऱ्याच्या वादळाची परीक्षा घेण्याआधी शेकोटी पेटवणे, हेच ख्रिस्ती माणसाचे पहिले काम आहे.

कुटुंबात चिंतनासाठी :
१. आपल्या घरातले कोण, कोठून आणि कशामुळे येथे आले?
२. अंबरनाथ-बदलापूरला भाड्याची खोली शोधत आलेल्या कुटुंबाला आपण 'बाहेरचे' म्हणतो काय?
३. या आठवड्यात अशा एका कुटुंबासाठी आपण काय करू शकतो?