डिझेलची भट्टी : पेटली म्हणजे चालू झाली असे नव्हे

लाकडाची भट्टी सोडून डिझेल बर्नरचे रोटरी ओव्हन घेणारे बेकरीवाले बंधू विचारतात, "मशीन बसले, बर्नर पेटला, आता राहिलेले पैसे देऊन टाकावेत ना?" आमचे सांगणे असे की, घाई करू नये. मशीन बसवणे हे एक काम. मोजमाप घेऊन ते चालू करून देणे, म्हणजे कमिशनिंग, हे दुसरे. (डिझेल चालेल की नाही, हे पालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऑर्डर देण्यापूर्वीच विचारावे.)

बर्नरचा पंप डिझेलला दाब देतो, नोझलच्या बारीक छिद्रातून त्याची फवारणी होते आणि पंखा हवा पुरवतो. हवा कमी पडली तर काजळी धरते व कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा जास्त झाली तर उष्णता धुराड्यातून निघून जाते, डिझेल फुकट जळते. हा मेळ नुसत्या नजरेने बसत नाही.

म्हणून मालकाने उभे राहून चार गोष्टी करून घ्याव्यात.

१) नोझलचा नंबर व पंपाचा दाब मशीनच्या पुस्तकातील आकड्यांशी ताडून पाहावा. दाब चौपट केला तरी डिझेल दुप्पटच जाते. तेव्हा नोझल चुकीचे असेल तर ते बदलावे, दाब वाढवून भागवू नये.

२) धुराड्यातील वायू यंत्राने मोजावा. धूर-चाचणीच्या पांढऱ्या कागदावर काळा डाग पडता कामा नये.

३) ज्योत पाहणारा फोटोसेल काढून झाकावा. बर्नर काही सेकंदांत बंद पडून लॉक झाला पाहिजे. नाहीतर ज्योत विझल्यावरही आत डिझेल पडत राहील.

४) पहिली तापवणी रिकाम्या ओव्हनची, हळूहळू करावी. नंतरही पावाला धुराचा वास आला तर आतील हीट एक्सचेंजर तपासावा.

कित्येक बेकऱ्यांत कारागीर माळ्यावरच झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. त्यामुळे धुराडे बाहेर उंच न्यावे व ताजी हवा येण्याची वाट कधीही बुजवू नये.

सर्व आकडे तारीख व सहीनिशी कागदावर घ्यावेत आणि मगच शेवटचा हप्ता द्यावा. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगच्या वेळी तोच कागद समोर ठेवला, म्हणजे बिघाड कुठे झाला ते लगेच कळेल.