छपराखालचा उकाडा व त्याचे निवारण

(सामान्य विज्ञान : उष्णतेचे वहन)

मुंबईचा अक्षांश सुमारे १९° उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास सूर्य मध्यान्ही जवळजवळ माथ्यावर येतो. त्या काळी घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा भिंतींतून नव्हे, तर छपरातून येतो. पत्रा पातळ व उष्णतेचा सुवाहक. त्यामुळे मुलुंड-घाटकोपरच्या डोंगरउतारावरील पत्र्याच्या खोल्यांत दुपारभर राहणारी तान्ही मुले व वृद्ध यांना उन्हाळा जिवावर बेतू शकतो. म्हणून हा पाठ केवळ परीक्षेपुरता नाही.

कोरडी, स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक असते. घोंगडी, भाताचा पेंढा, काचेच्या तंतूंची लोकर, थर्मोकोल ही सर्व हवा कोंडून ठेवतात, म्हणूनच उष्णता अडवतात. परंतु पाणी हे स्थिर हवेपेक्षा वीस पटींहून अधिक उष्णता वाहून नेते. २००५ च्या २६ जुलैच्या महावृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा प्रदेशात जे साहित्य भिजते, ते कुजते व निरुपयोगी होते.

प्रयोग : पत्र्याचे दोन सारखे डबे घ्यावेत. एकाभोवती कोरडा व दुसऱ्याभोवती ओला पेंढा सारख्याच जाडीने बांधावा. बाष्पीभवन होऊ नये म्हणून दोहोंवर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. शिक्षकांनी स्वतः दोहोंत सारखेच गरम पाणी ओतून झाकणे लावावीत व वीस मिनिटांनी तापमान पाहावे. कोरड्या पेंढ्यातील पाणी अधिक गरम आढळेल. जे आवरण आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही, तेच बाहेरची आत येऊ देत नाही, हे मुलांकडून काढून घ्यावे.

निवडीचे नियम : प्रथम गळती बंद करावी. पत्र्यास बाहेरून पांढरा रंग दिल्यास बरेचसे ऊन परावर्तित होते. हा उपाय सर्वांत सोपा होय. आतून छत घालताना पत्र्यापासून वीतभर अंतर ठेवावे व तापलेली हवा निघून जाण्यास वाट ठेवावी. थर्मोकोल उत्तम रोधक असला तरी पेट घेतो व विषारी धूर सोडतो. चुलीच्या वा शेगडीच्या खोलीत तो उघडा लावू नये. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे फोडू, घासू वा भोकसू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वारली पाड्यांवर कारवीचे कूड उभारून त्यांवर शेणमाती लिंपण्याची रीत परंपरेने चालत आली आहे. साधन साधे असले तरी त्यामागील विचार शास्त्रीय आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे.

गृहपाठ : आपल्या घराचे छप्पर कशाचे आहे व दुपारी कोणती जागा सर्वांत थंड असते, हे मुलांनी लिहून आणावे. कोणाचेही घर हसण्याचा विषय होणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.