अक्षर, उच्चार आणि आघात : शहापूर-मुरबाडच्या ग्रामनामांच्या आधारे

छंदःशास्त्राच्या अध्यापनात ‘अक्षर’ ही संज्ञा आपण दोन अर्थांनी वापरतो व तो भेद क्वचितच स्पष्ट करतो. एक अक्षर लिपीतले, दुसरे उच्चारातले. ‘मुरबाड’ या नावात लिहिलेली अक्षरे चार. बोलण्यात मात्र ‘मुर-बाड’ असे दोनच अवयव ऐकू येतात, कारण ‘र’ आणि ‘ड’ यांतील अकार निभृत आहे. या परिसरातील एखाद्या विद्यार्थ्याने कानाला प्रमाण मानून लगक्रम ‘गा गा’ असा मांडला, तर त्याचे उत्तर चूक ठरते. त्याचा कान मात्र चुकलेला नसतो. पद्यवाचनात तो निभृत अकार पुन्हा उमलतो आणि लगक्रम ‘ल ल गा ल’ होतो, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते. फ्रेंच पद्यातही बोलण्यात लोपणारा अंत्य ‘अ’सदृश स्वर पुढे व्यंजन आल्यास मोजला जातो, तेव्हा हे केवळ आपल्या लिपीचे वैगुण्य मानण्याचे कारण नाही.

आघाताचा प्रश्न याहून नाजूक आहे. जोडाक्षरापूर्वीचे लघू अक्षर आघात आल्यास गुरू होते, हा नियम सर्वपरिचित आहे. पण आघात केव्हा येतो? शहापूर तालुक्यातील ‘खर्डी’ आणि ‘किन्हवली’ ही नावे उच्चारून पाहावीत. ‘खर्-डी’ मध्ये ‘र्’ मागच्या अवयवात राहतो, तो अवयव बंद होतो, म्हणून ‘ख’ गुरू. ‘कि-न्हव-ली’ मध्ये ‘न्ह’ हे लिपीत जोडाक्षर असले तरी उच्चारात एकच महाप्राण अनुनासिक आहे. ते सबंधच पुढे जाते आणि ‘कि’ लघूच राहते. ‘तुम्ही’तील ‘तु’ लघू राहण्याचे कारणही हेच. मुरबाडकडील ‘म्हसा’ या नावाच्या आरंभीच ‘म्ह’ येतो, यावरूनही त्याचे एकत्व दिसते. म्हणजे आघात हे कारण नसून अवयवविभागणीचा परिणाम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

फ्रेंचमध्ये आघात शब्दाचा नसून पदसमूहाच्या अंत्य अवयवाचा असतो आणि शब्दान्तीचे व्यंजन पुढील स्वराकडे सरकते. ‘आव्हेक’ व ‘एल’ मिळून ‘आ-व्हे-केल’ होते, आघात ‘केल’वर. मराठीत असे सरकणे विभक्तीत आढळते : ‘मुर-बाड’, पण ‘मुर-बा-डात’. ‘शहापूर’चे ‘शहापुरात’ होताना ‘र’ असाच पुढे जातो, बंद अवयव उघडतो आणि ‘पू’ ऱ्हस्व होतो. शुद्धलेखनाचा जो नियम आपण घोकून घेतो (तत्सम शब्दांना तो लागू नाही), तो येथे थेट कानाने पडताळता येतो.