तपासणीची पिशवी

आम्ही राहतो नांदेडला, तरोडा नाक्याकडे. सासर अहमदपूर तालुक्यातलं. त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांची वर्षाची तपासणी कधी इथल्या डॉक्टर लेनमध्ये, तर कधी लातूरला होते. बारा-तेरा वर्षं हे चालू आहे. सुरुवातीला वाटायचं, माणसाला वेळेवर नेऊन बसवलं की आपलं काम संपलं, पुढचं डॉक्टर बघतील. पण रिपोर्ट खरा येणार की फसवा, हे पुष्कळदा आदल्या रात्री घरातच ठरतं, हे मी चुका करत शिकले.

१. उपाशीपोटी म्हणजे उपवास नव्हे.

आषाढी एकादशी होती. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन लातूरला गेले. रक्त घेणाऱ्या मुलाने विचारलं, "आजी, काही खाल्लं का?" त्या म्हणाल्या, "नाही रे लेकरा, उपास हाय माझा." मीही मान डोलावली. संध्याकाळी रिपोर्ट आला, साखर १६८. त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. आत्याबाई अंथरुणावर बसून "माझ्या भावालाबी हेच झालतं" एवढंच परत परत म्हणत होत्या. दुसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, पहाटे अंघोळीनंतर काय केलं? तेव्हा कळलं. भगर, शेंगदाण्याची आमटी आणि गोड चहा. त्यांच्या मनाने त्या काहीच खोटं बोलल्या नव्हत्या. भगर खाल्ली म्हणून उपास मोडत नाही, मग सांगायचं काय?

आठवड्याने परत रक्त दिलं, १०८ आली. उपाशीपोटी १०० च्या आत असावी, १०० ते १२५ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची पातळी, आणि १२६ किंवा त्याहून जास्त आली तर पुन्हा तपासून मधुमेह पक्का करतात. म्हणजे १०८ सुद्धा सोडून देण्यासारखी नव्हतीच, पण १६८ चं भय तरी गेलं. तेव्हापासून 'उपाशी' हा शब्द मी वापरत नाही. सरळ सांगते, "रात्री नऊला जेवा. मग सकाळी रक्त देईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, दूध नाही, फराळ नाही, बडीशेप नाही, तंबाखू नाही."

२. पाणी प्यायचं.

आपल्याकडच्या बायका प्रवासाला निघताना पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला धड जागा नसते. त्यातून लातूरकडची माणसं पाण्याला जपून वागणारी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा घागरीचा हिशेब ठेवलेले हात आहेत ते. पण कोरड्या शरीरात शीर सापडत नाही, दोन-तीनदा सुई टोचावी लागते. ओटीपोटाची सोनोग्राफी असेल तर लघवीची पिशवी भरलेलीच लागते. म्हणून मी दवाखान्यात पोचल्यावर आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते बघून येते आणि मगच पाण्याची बाटली हातात देते. जागा दिसली की त्या निवांत पितात.

३. गोळ्यांचं आदल्या भेटीतच विचारून घ्यायचं.

"आज तपासणी आहे ना, म्हणून गोळी घेतली नाही," असं सांगणारे शेजारी-पाजारी मी किती तरी पाहिले. बीपीची गोळी बहुतेकदा रोजच्यासारखी पाण्याबरोबर घ्यायचीच असते, नाहीतर गोळी लागू पडते की नाही हे डॉक्टरांना कळणार कसं? साखरेची गोळी मात्र उपाशीपोटी घेतली तर साखर एकदम उतरू शकते. तुमच्यासाठी नेमकं काय, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. आणि "पांढरी छोटी गोळी" असं सांगून भागत नाही, रिकामी पाकिटं पिशवीत टाका.

डबाही न्यायचा. जेवणानंतरची साखर बघायची असेल तर रोजची भाजी-भाकरीच खावी, पहिल्या घासापासून दोन तास मोजावेत. चहा-बिस्किटावर भागवून दिलेल्या रक्तावरून रोजच्या ताटाचा अंदाज येत नाही.

४. बीपी बघण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं.

जिना चढून, चहा पिऊन, बाहेरच्या गर्दीत भांडून आलेल्या माणसाचं बीपी त्या घटकेचं असतं. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकवावी, पाय जमिनीवर, दंड मोकळा. पट्टा बांधल्यावर बोलायचं नाही. बायकांनी घट्ट बाहीचं पोलकं घालू नये, एवढी साधी गोष्टसुद्धा मला चौथ्या वर्षी सुचली.

५. प्रश्न आपल्या माणसाच्या शब्दांत विचारला गेला पाहिजे.

डॉक्टरांनी दर वर्षी विचारलं, "आजी, तंबाखू खाता?" दर वर्षी उत्तर, "छे! कसलंच व्यसन नाही मला." मग एकदा गावात आरोग्य खात्याच्या आशाताई अर्ज भरायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, मिसरी लावता का?" आत्याबाई म्हणाल्या, "लावते की, दोन टाइम." मिसरी म्हणजे तंबाखूच, पण त्यांच्या लेखी ते दात घासणं. मी वीस वर्षं त्या घरची सून, रोज सकाळी तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा वास घेतलेला, आणि डॉक्टरांसमोर मी एकदाही तोंड उघडलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. पुढच्या भेटीत तोंड नीट तपासून घेतलं. डाव्या गालाच्या आत पांढरट चट्टा होता. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता. मिसरी सुटायला मात्र आठ महिने लागले.

६. जुने रिपोर्ट हीच खरी शिदोरी.

आमच्या ह्यांचं क्रिएटिनीन एका वर्षी १.०, पुढे १.१, मग १.३. दर वेळी लॅब वेगळी, दर वेळी "थोडंसंच आहे" म्हणून कागद कपाटावर. तिन्ही कागद एका फायलीत लावून नेले तेव्हा डॉक्टरांनी बोटाने आकडे जोडून दाखवले आणि पहिला प्रश्न विचारला, "गुडघ्यासाठी गोळ्या कोणत्या घेता?" मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी, जवळजवळ रोज. ती त्याच दिवशी बंद झाली. एकेकट्या कागदावरून हे कुणाला दिसलं नसतं.

७. फायलीत बाईचाही कप्पा हवा.

सासऱ्यांच्या काळी मोठ्या तपासणीला सोलापूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागे. आता लातूरला १९६६ पासूनचं विवेकानंद रुग्णालय आहे, विलासराव देशमुख शासकीय संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय महाविद्यालय आहे. तिशी ओलांडलेल्यांची बीपी, साखर, तोंडाची तपासणी आणि बायकांची स्तनाची नि गर्भाशयमुखाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रातून मोफत होते. २०२२ च्या नवरात्रात सरकारने 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' मोहीम काढली, तेव्हा मी आत्याबाईंना, जावेला, शेजारणीला घेऊन गेले. तिथल्या सिस्टरने विचारलं, "ताई, तुमचा कागद?"

माझा कागदच नव्हता. तिने त्याच खुर्चीत बसवलं आणि बोट टोचलं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. बाईला किमान १२ हवं. जिना चढताना लागणारा दम मी वयावर ढकलत होते. लोहाच्या गोळ्या जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर, त्यावर लगेच चहा नाही, असं तिने सांगितलं आणि पुढची तारीख माझ्या हातात दिली. ती घरी येऊन मी कालनिर्णयवर लिहिली, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.