चिखलावरची साय

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाच्या गावी गेले होते. तिथून लोणार जवळ आहे. लोणारचे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. ते उल्का पडून झाले. खड्डा सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारट आहे.

काठाला चिखलावर हिरवी साय होती. काही ठिकाणी ती वाळून पापडासारखी वळली होती. मी "शी! शेवाळ!" म्हणाले आणि पाय दिला. मामा ओरडला, "पाय उचल आधी! हे अभयारण्य आहे. इथलं काही तुडवायचं नाही, काही उचलायचं नाही." माझ्या पायाचा ठसा तिथे तसाच राहिला.

शाळेत आल्यावर मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, ती साय म्हणजे जिवाणूंची वस्ती. एक जिवाणू डोळ्यांना दिसत नाही. पण कोट्यवधी जिवाणूंचे धागे एकमेकांत गुंतले की गोधडी तयार होते. वरचा थर हिरवा. तो उन्हात आपले अन्न करतो. त्याच्याखाली जांभळा थर असतो आणि तळाला काळा. काळ्याला नासक्या अंड्यासारखा वास येतो.

ही साय चिकट असते. पाण्याबरोबर आलेला गाळ तिला चिकटून बसतो. मग ती दबते आणि तिला उजेड मिळत नाही. म्हणून हिरवे धागे सरकत सरकत गाळाच्या वर येतात. पुन्हा गाळ, पुन्हा साय. असे चपातीसारखे पापुद्रे होतात. काही सरोवरांत सायीवर पाण्यातला चुना बसतो आणि त्याचा चक्क दगड होतो. गोड्या पाण्यात गोगलगायी ही साय खाऊन टाकतात. फार खाऱ्या पाण्यात त्या जगत नाहीत, म्हणून तिथे साय टिकते.

मला हे खरं वाटेना. मग मी ओढ्याच्या डबक्यातला हिरवी साय आलेला चिखल एका ताटलीत घेतला. दुसरीत साधा चिखल घेतला. दोन्ही तिरप्या धरून तांब्याने पाणी ओतलं. दोन्ही वाहून गेले! गुरुजी हसले. म्हणाले, तू ती उपटून आणलीस, धागे तुटले. मग पुन्हा चिखल आणला, आठ दिवस उन्हात ठेवला, रोज पाणी शिंपडलं. आता साधा चिखल वाहून गेला, पण सायीचा जागचा हलला नाही. (आईची ताटली न विचारता घेतली म्हणून बोलणी खाल्ली.)

अमेरिकेत युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक नावाचे खारे सरोवर आहे. तिथे सायीचे दगडी ढिगारे आहेत. त्या सायीवर बारीक माश्यांच्या अळ्या जगतात आणि त्या माश्या पक्षी खातात. २०२२ साली पाणी फार खाली गेले. ढिगारे उघडे पडले, साय वाळून पांढरी झाली. पक्ष्यांचं खाणं कमी झालं. मला माझा ठसा आठवला.

ताटली वर्गाच्या खिडकीत ठेवली आहे. सर्वांनी बघा, पण बोट लावू नका.

इयत्ता ४ थी