कोल्ड कॉफी, साखर नको

"गोड लागस व," भाऊ म्हणाला आणि ग्लास टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

मी म्हणाले, "दुधाचा गोडवा असेल रे. साखर नको, असं मी स्वतः सांगितलंय."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि उरलेली कॉफी संपवली. या प्रसंगातलं मला आजही सलतं ते एवढंच. त्याच्या जिभेने त्याला बरोबर सांगितलं होतं आणि मी त्याला त्याच्या जिभेवर अविश्वास दाखवायला लावलं.

भाऊ अमळनेरला असतो. चौदा वर्षांपासून मधुमेह आहे. मे महिन्यात तापी लाइनच्या गाडीने सुरतला माझ्याकडे आला होता. उन्हाने जीव कासावीस झालेला, म्हणून वेसूकडच्या एका कॅफेत दोघं जरा टेकलो. काउंटरवरच्या मुलाला मी म्हटलं, "एक कोल्ड कॉफी, शुगर नहीं." त्याने विचारलं, "शुगर सिरप नहीं डालना है ना, मॅम?" मी हो म्हणाले. तो जे विचारत होता आणि मी ज्याला हो म्हणत होते, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. संध्याकाळी घरी भाऊने बोटाला सुई टोचून साखर तपासली. ग्लुकोमीटरवर ३१२ आकडा. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पाणी पीत राहायला आणि दोन तासांनी पुन्हा तपासायला सांगितलं. आकडा उतरेपर्यंत मी त्याच्या खाटेशेजारीच बसून होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटी त्या कॅफेत गेले. भांडायचं म्हणूनच गेले होते. त्या मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं, आत गेला आणि एक पाकीट आणून माझ्यापुढे ठेवलं. कोल्ड कॉफीची तयार पावडर होती ती. आपल्याकडे पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. पहिलंच नाव होतं साखर. वर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा. "मॅम, सिरप मैंने नहीं डाला था," तो म्हणाला. तो खरं बोलत होता. त्याच्या कामाच्या भाषेत 'साखर नको' म्हणजे 'वरून साखर नको'. माझ्या भाषेत 'साखर नको' म्हणजे ग्लासात साखर नको.

त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं शिकवलं. शब्दांचे अर्थ सांगणं हेच माझं काम होतं. लिंबायत, उधना, डिंडोलीत राहणारी आपली खानदेशातली माणसं आता मुलांबरोबर, नातवांबरोबर कॅफेत जायला लागली आहेत. भिंतीवरची नावं वाचून, किंवा वाचल्यासारखं करून, काहीतरी मागवतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आपल्याला शब्द फसवतात हे सुरतेत आलेल्या प्रत्येक मराठी बाईला पहिल्या आठवड्यातच कळतं. लग्न होऊन आले तेव्हा वाण्याकडे साखर मागितली, तर त्याने खडीसाखर बांधून दिली. गुजरातीत 'साकर' म्हणजे खडीसाखर आणि आपली साखर म्हणजे 'खांड'. मग लारीवर, म्हणजे हातगाडीवर, चहा पिताना 'मोळी' हा शब्द कानावर पडला. आपल्या गावी मोळी लाकडाची. इथे मोळं म्हणजे ज्याला अपेक्षित चव नाही ते. मोळं दही म्हणजे आंबट नसलेलं, मोळी चा म्हणजे गोड नसलेला चहा. पण किती गोड नसलेला? कुणी कमी साखरेला मोळी म्हणतो, कुणी अजिबात बिनसाखरेच्या चहाला. भाऊसारख्या माणसाला या दोहोंतला फरक लहान नाही. शिवाय लारीवर चहा असो की कॉफी, बहुतेक वेळा साखर घालूनच पातेलं उकळत असतं. त्यातली साखर काढून कोण देणार? तिथे सरळ म्हणावं, "खांड जराय नहीं, अलग बनावी आपो." वेगळं करून देत असतील तर थांबावं, नाहीतर पुढे जावं.

कॅफेतल्या नावांकडे वळते. सर्वांत जास्त गोंधळ मी 'एस्प्रेसो'चा पाहिला आहे, आणि तो नुसता चवीचा गोंधळ नाही.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात स्टीलचं चकचकीत यंत्र येतं. फुस्स आवाज करत वाफ सुटते, दूध फेसाळतं, त्यात तयार कॉफीची पूड, भरपूर साखर, वर चॉकलेटच्या भुकटीची चिमूट. तिला सगळे एक्स्प्रेसो कॉफी म्हणतात. दोन पिढ्यांनी तिला याच नावाने ओळखलं, तेव्हा ते नाव चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण कॅफेतली एस्प्रेसो वेगळी असते. सात ते नऊ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, तिच्यातून हवेच्या दाबाच्या सुमारे नऊ पट दाबाने गरम पाणी ढकलायचं, पंचवीस-तीस सेकंदांत जेमतेम ३० मिलिलिटर काळा, दाट, कडू अर्क निघतो. दूध नाही, साखर नाही, वाटीएवढ्या कपाच्या तळाशी दोन घोट.

माझ्या नणंदेच्या यजमानांनी, आम्ही त्यांना दाजी म्हणतो, एकदा आमच्याबरोबर असताना मोठ्या उत्साहाने एक्स्प्रेसो मागवली. तो इवलासा कप समोर आल्यावर ते गप्पच झाले. एक घोट घेतला, कप बाजूला सारला. घरी आल्यावर नणंदेला म्हणाले, "माझं धोतर बघून त्यांनी मला उरलंसुरलं दिलं." त्यांच्या मनात ते किती खोल गेलं होतं हे मला फार उशिरा कळलं. कुणीही त्यांचा अपमान केलेला नव्हता. त्यांना जे हवं होतं त्याला तिथे कॅपुचिनो म्हणतात, आणि हे त्यांना सांगायचं काम माझं होतं. म्हणून घरातल्या तरुण मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आजोबा-आजीला कॅफेत नेलंत तर त्यांच्या हातात मेन्यू देऊन मोकळे होऊ नका. "दुधाची हवी की काळी? फेस आवडतो का? गोड चालेल?" एवढं विचारा आणि तुम्ही मागवा.

कॅपुचिनो आणि लाते दोन्ही एस्प्रेसोवर दूध घालूनच होतात. पहिल्यात फेस जास्त, दुसऱ्यात दूध जास्त. लाते हा तर इटालियनमधला दुधासाठीचाच शब्द. माझा एक जुना विद्यार्थी इथे लूमच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. २०२३च्या जूनमध्ये मिलान शहरात कापडयंत्रांचं आयटीएमए प्रदर्शन भरलं, तेव्हा मालकाने त्याला सोबत नेलं. तिथे सकाळी त्याने 'लाते' मागितलं आणि त्याला ग्लासभर दूध मिळालं. तिथे 'कॅफे लाते' म्हणावं लागतं. मला फोनवर सांगताना तो म्हणाला, "बाई, सुरतमध्ये शिकलेला शब्द जिथला आहे तिथेच चालला नाही." आणि तिथे नुसतं 'कॅफे' म्हटलं की एस्प्रेसो येते, हेही त्याने सांगितलं.

मधुमेह असणाऱ्यांनी इथे एक लक्षात ठेवावं. लातेत वरून साखर घातली नाही तरी दुधाची स्वतःची साखर असतेच, पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम. ती टाळता येत नाही, पण हिशेबात धरता येते. त्या दिवशी मी भाऊला 'दुधाचा गोडवा' म्हणाले ते म्हणून अर्धवट खरं होतं. अर्धवट खऱ्यानेच घात केला.

'मोका'चं मला विशेष वाटतं, कारण तो शब्द सुरतेचा जुना ओळखीचा आहे. येमेनमधलं मोखा हे तांबड्या समुद्रावरचं बंदर. सतराव्या शतकात सुरतेहून कापडाने भरलेली गलबतं दरवर्षी तिथे जात आणि सोनं-चांदी घेऊन परतत. येमेनच्या डोंगरातली कॉफी याच बंदरातून जगभर जाई, म्हणून त्या कॉफीलाच मोखा नाव पडलं. बाबा बुदान यांनी सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्याची जी कथा सांगतात, त्या बियाही मोख्याच्याच. पण आज कॅफेत मोका मागितलं की येमेनची कॉफी येत नाही, चॉकलेट घातलेली दुधाची कॉफी येते. चॉकलेटच्या त्या सिरपमध्ये साखर असते, तेव्हा "मोका, शुगर नहीं" या वाक्याला काही अर्थ उरत नाही. आणि दुकानात 'मोका पॉट' दिसलं तर ते गॅसवर कॉफी करायचं इटलीतलं भांडं, १९३३ सालापासूनचं. चॉकलेटशी त्याचा संबंध नाही.

सुरतेचा म्हणून एक खास धोका आहे, कोल्ड कोको. घट्ट, थंडगार, कोकोचं दूध. या शहराचा त्यावर फार जीव, आणि तो योग्यच आहे. पण गर्दीच्या दुकानात 'कोल्ड कोको' आणि 'कोल्ड कॉफी' एकसारखं ऐकू येतं. शेजारणीने सात वर्षांच्या नातवासाठी कोको सांगितला, हातात कॉफी आली, रंग सारखाच म्हणून कुणी पाहिलं नाही. पोरगं रात्री दीडपर्यंत टक्क जागं. कोकोतही कॅफिन थोडं असतं, पण कॉफीच्या मानाने फारच कमी. लहान मुलासाठी घेत असाल तर ग्लास हातात आल्यावर आधी आपण एक घोट घ्या.

कॅफिनचं म्हणाल तर 'कोल्ड ब्रू' या शब्दापासून जपावं. ती आपली आइस्क्रीमवाली कोल्ड कॉफी नव्हे. दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा ते चोवीस तास भिजवून गाळलेलं काळं पाणी ते. कडू कमी लागतं, म्हणून हलकं वाटतं आणि माणूस मोठा ग्लास सहज पितो. निरोगी प्रौढाने दिवसाला ४०० मिलिग्रॅम आणि गरोदर बाईने २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहावं, असं साधारण मानतात. एस्प्रेसोच्या एका मापात ६० ते ८० मिलिग्रॅम असतं, कोल्ड ब्रूच्या मोठ्या ग्लासात याच्या कितीतरी पट असू शकतं. 'डिकॅफ' म्हणजे कॅफिन शून्य नव्हे, कमी. 'डार्क' हा शब्द दाण्याच्या भाजणीचा आहे, कॅफिनचा नाही. 'स्ट्राँग' म्हटलं तर कुणी पूड वाढवतो, कुणी दूध कमी करतो. काय हवंय तेच सांगावं.

मी आता नावाने मागत नाही. सुरतेत असेन तर आधी विचारते, "आमां शुं शुं नाखो छो?" यात काय काय घालता. मग दुसरा प्रश्न, "खांड पहेलेथी अंदर छे?" साखर आधीच आत आहे का. पावडर तयार असेल तर पाकीट बघायला मागते. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खाद्यगृहांना मेन्यूवर पदार्थापुढे कॅलरी छापाव्या लागतात. तिथे तो आकडा आधी वाचावा. काळ्या कॉफीपुढचा आकडा आणि कोल्ड कॉफीपुढचा आकडा शेजारी ठेवले की बाकी काही विचारायची गरज पडत नाही. सांगून झाल्यावर समोरच्याला ऑर्डर परत म्हणून दाखवायला सांगावी. वर्गात मी मुलांना प्रश्न परत म्हणायला लावत असे, कारण मुलाने काय ऐकलं हे त्याशिवाय कळत नाही.

आणि आवाज चढवू नये. काउंटरवरचा तो मुलगा नवापूरकडचा निघाला. पाकीट दाखवून झाल्यावर त्याने मला मराठीत विचारलं, "बाई, तुमचे भाऊ बरे आहेत ना आता?" मी त्याच्याशी सुरुवातीला ज्या आवाजात बोलले होते तो मला आठवला, आणि मी त्याची माफी मागितली.

दिवाळीनंतर भाऊ पुन्हा आला. मी कॅफेत न्यायला कचरत होते, तोच म्हणाला चल. काउंटरवर तोच मुलगा. भाऊने माझ्याकडे न बघता त्याला मोडक्यातोडक्या गुजरातीत विचारलं, "आमां शुं शुं नाखो छो?" मुलाने एकेक सगळं सांगितलं. भाऊने काळी कॉफी घेतली, दूध वेगळ्या भांड्यात मागितलं, स्वतःच्या हाताने दोन चमचे घातलं, घोट घेतला आणि थोडा वेळ तोंडात धरून ठेवला.

"गोड नही लागत," तो म्हणाला.

मी काही बोलले नाही. त्याने दुसरा घोट घेतला.