जास्त फी म्हणजे लवकर नागरिकत्व?

प्रश्न : आमची मुलगी न्यू जर्सीत असते, पुतण्या टेक्सासमध्ये. दोघांनी एकाच महिन्यात अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला आणि सारखीच फी भरली. पुतण्याची शपथसुद्धा झाली, मुलीला मात्र अजून इंटरव्ह्यूची तारीख नाही. फी वाढवत राहतात, मग कामाला वेग का येत नाही? आणि एकाच खात्यात इतका फरक कसा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याकडे पासपोर्टसाठी ‘तत्काळ’चे जादा पैसे भरले की काम लवकर होते. त्यामुळे जास्त पैसे म्हणजे जास्त वेग, हा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला असतो. अमेरिकेतही ‘प्रीमियम प्रोसेसिंग’ नावाची अशी सोय आहे, पण ती एच-१बी या नोकरीच्या व्हिसासारख्या ठरावीक अर्जांसाठी. नागरिकत्वाच्या ‘एन-४००’ अर्जाला ती नाही. तिथे फी हा वेगाचा मोबदला नसून खाते चालवण्याचा खर्च असतो.

हे अर्ज तपासणाऱ्या खात्याला, म्हणजे ‘यूएससीआयएस’ला, सरकारी तिजोरीतून फारच थोडे मिळते. खर्चाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग अर्जदारांच्या फीतून भागतो. पगार, इमारती, संगणक सगळे त्यातच. शिवाय निर्वासितांच्या अर्जांना फी नसते आणि गरीब अर्जदारांना काही अर्जांची फी माफ होऊ शकते. ती कामे कोणाच्या पैशांवर होतात? बाकीच्या अर्जदारांच्या. त्यामुळे खर्च वाढला, काम तुंबले की फी वाढते.

फी वाढवल्याने उलट गर्दी होते, हे २००७ साली दिसले. त्या जुलैअखेर नागरिकत्वाची एकूण फी ४०० डॉलरवरून ६७५ डॉलर झाली. वाढीची कुणकुण लागताच लोकांनी जुन्या दरात अर्ज टाकण्याची घाई केली. त्या आर्थिक वर्षात सुमारे १४ लाख अर्ज आले आणि पुढे कित्येकांना वर्षभराहून अधिक थांबावे लागले. वाढीव पैशांतून नवे अधिकारी नेमता येतात हे खरे, पण त्यांची निवड, चौकशी आणि प्रशिक्षण होईपर्यंत ढीग तसाच राहतो.

आणखी एक गैरसमज असा की, प्रत्येक फी प्रत्येक वेळी वाढतेच. एप्रिल २०२४ मध्ये नवे दर आले, तेव्हा कागदी एन-४०० ची फी ७६० डॉलर झाली, पण ऑनलाइन अर्जाची ७२५ वरून ७१० वर उतरली. मोठा बोजा पडला तो कंपन्यांवर : एच-१बीच्या अर्जाची मूळ फी ४६० वरून ७८० डॉलर झाली.

आता दोन राज्यांतल्या फरकाकडे वळू. फी देशभर एकच असली तरी इंटरव्ह्यू अर्जदार राहतो त्या भागातल्या कार्यालयात होतो. एका कार्यालयाकडे अर्ज जास्त आणि अधिकारी कमी, दुसरीकडे उलट. त्यात प्रत्येकाची एफबीआयकडून पार्श्वभूमी तपासली जाते आणि एखाद्याची फाइल तिथेच अडकते. शपथेचेही तसेच. काही कार्यालये इंटरव्ह्यूच्याच दिवशी शपथ देतात, तर काही भागांत ती न्यायालयात होते आणि न्यायालयाची तारीख पाहावी लागते. अर्जातच नाव बदलून मागितले असेल, तर न्यायालयातली शपथ अटळ. माहेर-सासरच्या नावांचा गुंता या निमित्ताने सोडवायचा असेल, तर हे आधी लक्षात घ्यावे.

‘भारतीयांची रांग लांब असते’ हे कारण मात्र इथे लागू नाही. ती रांग ग्रीनकार्डची. तिथे कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, म्हणून भारतीय वर्षानुवर्षे खोळंबतात. नागरिकत्वाला असा देशवार कोटाच नाही.

मुलीने करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. खात्याच्या संकेतस्थळावर कार्यालय निवडले की तिथले ८० टक्के अर्ज किती महिन्यांत निकाली निघतात ते दिसते. तो काळ उलटला नसेल, तर काळजीचे कारण नाही. उलटला असेल, तर विचारणा कधी करता येईल ते संकेतस्थळावर पाहून रीतसर विचारणा करावी. घर बदलले तर पत्ता लगेच कळवावा, कारण फाइल दुसऱ्या कार्यालयात जाऊ शकते. इंटरव्ह्यू होऊनही १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर संघीय जिल्हा न्यायालयात दाद मागण्याची कायद्यात तरतूद आहे.

पुतण्यालाही एक निरोप द्या. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे शपथेबरोबर त्याचे भारतीय नागरिकत्व संपले. आता भारतीय पासपोर्ट रीतसर परत करायचा आणि हवे असल्यास परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीच्या ‘ओसीआय’ कार्डासाठी अर्ज करायचा. त्याचा फॉर्म वेगळा, फीही वेगळी, आणि ती भारत सरकारला द्यायची!